व्हर्जिनियाच्या डोंगराळ शेतकरी वस्तीत राहायला जावे का?

प्रश्न: निशिगंध

नमस्कार. माझ्या पत्नीची इंटर्नल मेडिसिनमधील रेसिडेन्सी जे-१ व्हिसावर झाली आहे. शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतण्याची जी अट या व्हिसाला असते, तिच्यातून सूट मिळावी म्हणून तिने डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम करण्याचा करार केला असून, येत्या उन्हाळ्यात ती नैऋत्य व्हर्जिनियातील ग्रेसन काउंटीतल्या एका दवाखान्यात रुजू होईल. मी संगणक क्षेत्रात आहे आणि माझे काम घरून चालते. मुलगी आठ वर्षांची आहे.

आम्ही दोघेही शहरात वाढलो. घर शोधण्यासाठी तिकडे गेलो तेव्हा इंडिपेन्डन्स या काउंटीच्या मुख्य गावापासून काही मैलांवर, खडीच्या रस्त्याच्या टोकाशी असलेले एक जुने लाकडी शेतघर आमच्या मनात भरले. भोवती १८ एकर कुरण आहे, त्यावर शेजारच्या शेतकऱ्याची गुरे चरतात, खालच्या अंगाने ओढा वाहतो. मालकीणबाई वयस्कर असून आता मुलीकडे राहतात. सध्या घर भाड्याने द्यायचे आणि पुढे आम्हाला पटले तर विकायचे, अशी त्यांची तयारी आहे. पत्नीच्या सहकाऱ्यांचे मत मात्र असे, की आम्ही गेलॅक्ससारख्या लहान शहरात राहावे, किंवा नॉर्थ कॅरोलायनातील विन्स्टन-सेलम या शहराजवळ घर घेऊन तिने रोज गाडीने ये-जा करावी.

तिथल्या शांततेची आम्हाला ओढ वाटते. पण अशा ठिकाणी संसार मांडायचा तर काय काय अंगावर घ्यावे लागते, शेतकरी शेजारी परक्यांना कितपत सामावून घेतात, आणि शेतीचा गंध नसलेल्या कुटुंबाने एवढ्या जमिनीवर राहणे शहाणपणाचे आहे का, हे तिथे राहिलेल्या मंडळींकडून जाणून घ्यायचे आहे.

प्रतिसाद: डोंगरवाट

तुमचे ते घर ज्या ब्लू रिज डोंगररांगेत आहे, तिच्याच पठारावर, फ्लॉइड काउंटीत, आम्ही बरीच वर्षे राहत आहोत. त्यामुळे तुम्ही वर्णन केलेले घर मी पाहिलेले नसले तरी त्याचा रस्ता, त्याचे कुरण आणि त्याचा शेजारी हे सारे मला ओळखीचे वाटते.

प्रथम शांततेविषयी लिहिते, कारण बाहेरून येणारी बहुतेक माणसे तिच्यासाठीच येतात. ही वस्ती शांत आहे ती घरे दूरदूर आहेत म्हणून. कामाची वर्दळ येथे वर्षभर चालू असते. मेअखेरीपासून गवताची पहिली कापणी सुरू झाली की अंधार पडल्यावरही ट्रॅक्टर चालू असतात. शरद ऋतूत वासरे तोडली, म्हणजे आयांपासून वेगळी करून बाजारासाठी अलग बांधली, की दोन-तीन रात्री गाई सतत हंबरत राहतात, आणि खिडक्या बंद केल्या तरी तो आवाज घरात पोहोचतो. तुमच्या मुलीला त्याचा अर्थ आधीच समजावून सांगा. माझ्या मुलाला पहिल्या वर्षी ते फार लागले होते, आणि त्याच्या प्रश्नांची उत्तरे शेजारच्या शेतकऱ्याने माझ्यापेक्षा अधिक सरळपणे आणि ममतेने दिली.

शेजाऱ्यांशी आमचे नाते जुळले ते गवतामुळे. गवत कापल्यावर ते वाळायला साधारण तीन कोरडे दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी ते यंत्राने उलटून पसरायचे, मग ओळी ओढायच्या आणि बेलरने गठ्ठे बांधायचे, असा क्रम असतो. एका जूनमध्ये तिसऱ्या दिवशी दुपारीच पश्चिमेकडे आभाळ भरून आले. शेजारचे गृहस्थ ओळीतून मूठभर गवत उचलून पिळून पाहत होते: काड्या कटकन मोडल्या तर बांधायचे, नुसत्या वाकल्या तर थांबायचे, कारण ओले गवत कोठारात रचले तर ते आतून तापत जाऊन पेटही घेऊ शकते. त्यांनी बांधायला सुरुवात केल्याचे दिसताच माझे यजमान हातमोजे घालून कुंपण ओलांडून गेले आणि वीस-वीस किलोचे चौकोनी गठ्ठे गाडीवर फेकू लागले. पावसाचे थेंब पडू लागले तेव्हा शेवटची गाडी कोठारात शिरत होती. त्याबद्दल त्या दिवशी कोणी फारसे बोलले नाही. पुढच्या हिवाळ्यात मात्र पहिला मोठा बर्फ पडला, तेव्हा आम्ही उठण्याआधीच त्यांनी ट्रॅक्टरला पाते लावून आमचा रस्ता मोकळा केलेला होता. येथील व्यवहार असा सावडीचा आहे. मदतीचे पैसे देऊ केले तर माणसे अवघडतात. पाव, लोणचे, दोन तासांची मेहनत, दवाखान्यात नेण्यासाठी गाडी, यांपैकी काहीही आनंदाने घेतात.

सामावून घेण्याविषयी म्हणाल, तर आम्हाला कधी तुटकपणा जाणवला नाही, परंतु जवळीक सावकाश येते. तुमच्या घराला पुढची कित्येक वर्षे जुन्या मालकांच्याच नावाने ओळखले जाईल. ‘तुम्ही कोणत्या चर्चला जाता?’ हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच येईल. तो ओळखीचा प्रश्न आहे, उलटतपासणी नव्हे. आम्ही हिंदू आहोत हे आम्ही सरळ सांगितले आणि तरीही चर्चच्या जेवणाचे निमंत्रण आले की जात राहिलो. शाकाहारी असाल तर एवढे लक्षात ठेवा, की घेवड्यासारख्या भाज्यांच्या शेंगा आणि कडधान्येही येथे बहुधा डुकराच्या मांसाचा तुकडा घालून शिजवतात. तेव्हा निःसंकोच विचारावे, कोणाला वाईट वाटत नाही.

आणखी एक काम पहिल्या महिन्यातच करा: तुमच्या भागातील स्वयंसेवी अग्निशमन दल आणि रेस्क्यू स्क्वॉड कोठे आहे ते पाहून या. मध्यरात्री छातीत दुखू लागले तर येणारी माणसे बहुधा शेजारपाजारचेच शेतकरी, शिक्षक आणि दुकानदार असतात. देशातील पहिले स्वयंसेवी रेस्क्यू स्क्वॉड १९२८ साली आमच्याच बाजूच्या रोआनोकमध्ये सुरू झाले, आणि या डोंगरांत ती परंपरा अजूनही लोकांच्या खांद्यावर उभी आहे. त्यांच्या निधीसाठीच्या न्याहारीला जाणे म्हणजे निम्म्या वस्तीची ओळख करून घेणे होय. ऑगस्टमध्ये गेलॅक्सला १९३५ पासून चालत आलेले फिडलवादकांचे संमेलन भरते. व्यासपीठापेक्षा मैदानातल्या तंबूंमध्ये, मोटारींच्या मागे, आजोबा आणि नातवंडे जे वाजवत बसतात ते ऐकायला मुलीला अवश्य घेऊन जा.

प्रतिसाद: मशागत

मी ब्लॅक्सबर्गच्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात कृषी अर्थशास्त्र शिकलो आणि पुढे या पट्ट्यातील शेतकऱ्यांबरोबर काम केले. तुमच्या त्या १८ एकरांचा शेजाऱ्याच्या दृष्टीने अर्थ काय, तेवढेच सांगतो, कारण नव्याने येणाऱ्यांना नेमके तेच दिसत नाही.

नैऋत्य व्हर्जिनिया, पूर्व टेनेसी, पश्चिम नॉर्थ कॅरोलायना आणि केंटकी या डोंगराळ भागातील लहान शेतकरी अनेक पिढ्या बर्ली तंबाखूवर तगून राहिला. १९३० च्या दशकात संघीय कायद्याने कोणी किती तंबाखू पिकवायचा याचा कोटा ठरवून दिला आणि भावाला आधार दिला. त्यामुळे एक-दोन एकरांच्या तंबाखूतूनही हिवाळ्याच्या तोंडाशी रोख रक्कम हाती येई, आणि तीतून शेतसारा, मुलांचे बूट, बियाणे यांची सोय होई. काम अतोनात कष्टाचे होते. रोप बुंध्याशी तोडून काठीवर टोचायचे, काठ्या कोठाराच्या उंच तुळयांवर टांगायच्या आणि पाने वाऱ्यावर आठवडेच्या आठवडे वाळू द्यायची. तुम्हाला रस्त्याकडेला उभ्या फटी असलेली जी रिकामी, काळवंडलेली कोठारे दिसली असतील, त्यांतली बरीचशी याच कामाची. २००४ च्या कायद्याने कोटा संपला, शेतकऱ्यांना दहा वर्षे हप्त्यांनी भरपाई मिळाली, आणि त्या काळात बहुतेकांनी तंबाखू सोडून मांसासाठीच्या गाई वाढवल्या.

पण गाईंना जमीन लागते. या भागात ढोबळमानाने एक गाय आणि तिचे वासरू यांना चरायला दोन एकर धरतात, शिवाय हिवाळ्यासाठीचे गवत वेगळे. एवढी सलग जमीन फार थोड्यांच्या मालकीची असते. म्हणून शेतकरी येथे दहा, तेथे वीस एकर असे तुकडे भाड्याने घेऊन कळप सांभाळतो. तुमच्या घराभोवतीच्या कुरणावर त्याच्या आठ-नऊ गाई पोसत असतील. बाहेरून आलेल्या कुटुंबाने घर विकत घेऊन ‘आता आम्हाला गुरे नकोत’ असे म्हटले, की त्याला तेवढ्या गाई विकाव्या लागतात, आणि असे तीन-चार तुकडे गेले की शेतीच बंद पडते. नव्या लोकांविषयी शेतकऱ्यांच्या मनात जी धास्ती असते तिचे मूळ मला येथे दिसते. तुम्ही कोणत्या देशाचे, कोणत्या धर्माचे, हा भाग त्यापुढे गौण ठरतो.

शेती करता येत नाही याची चिंता करू नका. कुरण चरते राहिले तरच कुरण राहते. ते नुसते सोडून दिले तर काही वर्षांत काटेरी झुडपे आणि लोकस्ट जातीची झाडे त्याचा ताबा घेतात. शिवाय व्हर्जिनियात शेतीच्या जमिनीवर बाजारभावाऐवजी शेतीतील उपयोगाच्या मूल्यानुसार कर लावण्याची सोय आहे. काउंटीने ती स्वीकारलेली असावी लागते आणि जमीन किमान पाच एकर असावी लागते. तो उपयोग थांबवला तर मागील पाच वर्षांच्या करातील फरक व्याजासह वसूल होतो. विकत घेण्याची वेळ येईल तेव्हा काउंटीच्या कमिशनर ऑफ द रेव्हेन्यूच्या, म्हणजे करआकारणी अधिकाऱ्याच्या, कार्यालयात जाऊन या जमिनीची नोंद कशी आहे ते विचारून घ्या.

प्रतिसाद: पाणाड्या

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. माझे लिहिणे केवळ घर आणि जमिनीपुरते आहे.

पाणी सर्वांत आधी तपासा. तुमच्या घराला बहुधा विहीर किंवा झरा असेल. खासगी विहिरीच्या पाण्यावर संघीय नियमांची देखरेख नसते, ते तपासून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. व्हर्जिनिया कोऑपरेटिव्ह एक्स्टेन्शन या विद्यापीठांच्या ग्रामीण सल्लासेवेतर्फे काउंटी-काउंटीत पाणी तपासणीची शिबिरे भरतात, त्यांत नमुना द्यावा. गुरे वरच्या अंगाला चरत असतील तर जिवाणू आणि नायट्रेट यांची चाचणी अजिबात टाळू नये, आणि झऱ्याचे पाणी असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी. वीज गेली की विहिरीचा पंप थांबतो आणि नळ कोरडे पडतात. बर्फाळ पावसाने तारा तुटल्या तर वीज काही दिवससुद्धा येत नाही. म्हणून जनरेटरची सोय, साठवलेले पाणी आणि लाकडावर चालणारी शेगडी या तिन्ही गोष्टी हिवाळ्याआधी जागेवर हव्यात. शेगडीसाठीचे ओकचे लाकूड निदान वर्षभर वाळलेले असावे.

सेप्टिक टाकी कोठे आहे, शेवटची कधी उपसली आणि तिचा निचऱ्याचा भाग कोणत्या बाजूला आहे, हे मालकीणबाईंना विचारा. खडीचा रस्ता सरकारी देखभालीत आहे की खासगी, हेही विचारा. खासगी असेल तर पावसाने वाहून गेलेली खडी पुन्हा टाकण्याचा खर्च त्या रस्त्यावरची घरे वाटून घेतात. आणि भाडेकरार करण्यापूर्वी इंटरनेटची जोडणी त्या घरापर्यंत खरोखर पोहोचते का, याची खात्री करा. तुमची नोकरी त्यावर अवलंबून आहे.

दोन कायदे येथे राहणाऱ्याला ठाऊक असावेत. जमिनीवर जुने कौटुंबिक दफनस्थान असेल, आणि या डोंगरांत ते पुष्कळदा कुरणाच्या माथ्यावर असतेच, तर त्या घराण्याच्या वंशजांना तेथे येऊ देणे जमीनमालकाला बंधनकारक आहे. दुसरे म्हणजे, शिकाऱ्यांचे कुत्रे तुमच्या हद्दीत शिरले तर त्यांना परत नेण्यासाठी शिकारी आत येऊ शकतो, मात्र त्या वेळी त्याच्याजवळ बंदूक असता कामा नये. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मोसम असतो. त्या दिवसांत स्वतःच्या कुरणातही भडक नारिंगी जाकीट घालूनच फिरा आणि मुलीलाही घाला.

उन्हाळ्यात गवतातून आल्यावर रोज अंगावर गोचिडी पाहण्याची सवय लावा. लाइम रोग तर आहेच, पण येथे आढळणाऱ्या लोन स्टार जातीच्या गोचिडीच्या चाव्यामुळे काहींना गाई-डुकराच्या मांसाची, क्वचित दुधाचीही ॲलर्जी जडते. तुमच्या पत्नीला असे रुग्ण नक्की भेटतील.

प्रतिसाद: सांजसकाळ

माझे मत थोडे निराळे आहे. माझे पतीही अशाच सवलतीवर पूर्व केंटकीच्या एका कोळसापट्ट्यातील काउंटीत डॉक्टर होते. लोकांच्या चांगुलपणाविषयी वर जे लिहिले आहे ते अक्षरशः खरे आहे. उन्हाळाभर आमच्या दारात टोमॅटो, मका आणि शेंगांच्या पिशव्या ठेवलेल्या असत, आणि कोणी ठेवल्या हे पुष्कळदा कळतही नसे.

परंतु त्या वस्तीत डॉक्टर हा कधीच केवळ शेजारी नसतो. किराणा दुकानात, शाळेच्या सामन्यात, पेट्रोल भरताना माणसे आपल्या आईच्या औषधांविषयी विचारतात, आणि त्यांना नाही म्हणता येत नाही, कारण पुढचा डॉक्टर खरोखरच तासाभराच्या अंतरावर असतो. माझ्या पतींना त्या कामातून समाधान मिळत होते. दिवसभर घरी असलेल्या मला मात्र तो हिवाळा फार जड गेला. आमची दरी अरुंद होती, दुपार कलता कलताच सूर्य डोंगराआड जाई, आणि मनातले मराठीत बोलायला जवळ कोणी नव्हते. तुम्हीही दिवसभर घरूनच काम करणार आहात. तेव्हा पत्नीपेक्षा तुमचा दिवस तेथे कसा जाईल याचा विचार आधी करा.

दुसरी गोष्ट ओढ्याची. तुम्ही लिहिलेला ‘खालच्या अंगाने ओढा’ किती खाली आहे? जुलै २०२२ च्या पुरात पूर्व केंटकीत चाळीसहून अधिक माणसे गेली, आणि सप्टेंबर २०२४ मधील हेलीन वादळाने तुमच्याच बाजूला न्यू रिव्हरला मोठा पूर आणला व डमॅस्कस गावाची धूळधाण केली. ते घर त्या वेळी कोरडे राहिले का, आणि घराकडे येणारा पूल किंवा मोरी टिकली का, हे मालकीणबाईंनाच नव्हे, शेजाऱ्यांनाही विचारा.

विन्स्टन-सेलमहून रोज ये-जा करण्याला मात्र माझाही विरोध आहे. आय-७७ महामार्गावरील फॅन्सी गॅपचा चढ धुक्यासाठी कुप्रसिद्ध आहे, आणि थकलेल्या डॉक्टरने हिवाळ्याच्या अंधारात तो घाट रोज चढू-उतरू नये. माझ्या मते पहिला हिवाळा गेलॅक्समध्ये काढावा. तेथे लॅटिन अमेरिकेतून आलेली पुष्कळ कुटुंबे आहेत, त्यामुळे शाळेत मुलगी एकटीच वेगळी दिसणार नाही. विकत घेण्याचा विचार तर तीन वर्षांचा करार पूर्ण होईपर्यंत करूच नये, कारण तुमचा मुक्काम एका नोकरीशी बांधलेला आहे.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. ओढ्याविषयी आज फोनवर विचारले. घर ओढ्यापासून बरेच उंचावर आहे, हेलीनच्या वेळी पाणी कुरणाच्या खालच्या भागातच राहिले, पण तेथले कुंपण वाहून गेले आणि ते शेजाऱ्यांनी पुन्हा उभारले. आम्ही दोघांनी असे ठरवले आहे, की वर्षभर भाड्याने राहायचे आणि खरेदीचा विषय काढायचा नाही. सांजसकाळ यांनी माझ्या दिवसाविषयी जे लिहिले ते आम्ही दोघांनी गांभीर्याने घेतले असून, आठवड्यातून दोन दिवस मी गेलॅक्सच्या वाचनालयात बसून काम करीन.

आता एकच विचारतो. कुरणाविषयी त्या शेतकऱ्याशी मी कसे बोलावे? आणि गवताच्या दिवसांत अनुभव नसलेल्या माणसाची मदत होते, की अडचण?

प्रतिसाद: मशागत

तुम्ही भाडेकरू असेपर्यंत चराईचा व्यवहार मालकीणबाई आणि तो शेतकरी यांच्यातला आहे, त्यात तुम्ही पडू नका. तो तसाच चालू राहावा अशी आमची इच्छा आहे, एवढे दोघांनाही सांगा. त्याच्या मनावरचे ओझे तेवढ्यानेच उतरेल. कळपात वळू केव्हा सोडतो, कोणती फाटके बंद ठेवायची आणि कोणती उघडी, एवढी माहिती घ्या, आणि जे फाटक जसे सापडेल तसेच ठेवून पुढे जा. पुढे जमीन तुमच्या नावावर झाली तर मात्र भाडे, कुंपणाची दुरुस्ती आणि विमा कोणाकडे, हे सारे लेखी करा. शेजारधर्म कितीही चांगला असला तरी कागद असावा, कारण माणसे वारतात आणि जमीन पुढच्या पिढीकडे जाते.

प्रतिसाद: डोंगरवाट

गवताच्या दिवसांत अननुभवी माणसाचीही मदत होते. गठ्ठे उचलणे, पाणी पोहोचवणे, शेतातून गाडी सावकाश पुढे नेणे, ही कामे कोणीही करू शकतो. मात्र नोकरीच्या वेळा आधी सांगा, म्हणजे ते तुमच्यावर विसंबून राहणार नाहीत. बेलर आणि ट्रॅक्टर यांना जोडणाऱ्या फिरत्या दांड्याजवळ मुलीला कधीही जाऊ देऊ नका, आणि स्वतःही सैल कपडे घालून जवळ जाऊ नका. मिनिटाला ५४० फेरे घेणाऱ्या त्या दांड्यात कपड्याचे टोक अडकले तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.

भेटायला जाल तेव्हा संध्याकाळचे चारापाणी आटोपल्यावर जा, अंगणात थांबा आणि ते बाहेर येतील तेव्हा स्वतःची ओळख करून द्या. तुमचा फोन नंबर त्यांना द्या, त्यांचा घ्या, आणि गुरे रस्त्यावर आलेली दिसली तर ते घरी नसताना कोणाला कळवायचे, हे त्याच भेटीत विचारून ठेवा.